ताठ पाठीचा शर्ट

पिंपळवंडीत समाधान टेलरचा टेप कधी खोटा ठरला नव्हता. म्हणून सहावीतल्या लेकीच्या, साक्षीच्या, युनिफॉर्मचं माप घेताना पाठ पुढच्या मापापेक्षा इंचभर जास्त भरली तेव्हा त्यानं पुन्हा मोजलं. पुन्हा तेवढीच. पाठीला बाक आलेल्या म्हाताऱ्यांचा शर्ट मागून लांब कापावा लागतो, नाहीतर तो वर उचलला जातो. पण अकरा वर्षांच्या पोरीला हे माप?

कारण शोधायला लांब जायला नको होतं. शाळा सुटली की साक्षी दुकानात कटिंगच्या टेबलाखाली बसायची, मांडीवर टॅब, हनुवटी छातीला. अभ्यास सगळा त्यातच, तेव्हा काढून घ्यायचीही सोय नाही. "ताठ बस" हे समाधान दिवसातून वीसदा म्हणायचा, तेही स्वतः मशीनवर पार दुमडून. मग पोरगी कशाला ऐकतेय!

 या वेळी मात्र शर्ट त्यानं ताठ पाठीच्या मापानंच कापला.

"पप्पा, शर्ट चुकलाय. मागून आखूड झालाय," साक्षी आरशात बघत म्हणाली.

"शर्ट न्हाई चुकला," समाधान म्हणाला आणि टेप हातात घेऊन त्यानं सगळं सांगितलं. "मला लई भीती वाटली गं."

साक्षीनं शर्ट मागून खाली ओढून बघितला. पंधरा ऑगस्टला शाळेच्या संचलनात झेंडा तिच्याच हाती असणार होता.

"मग आता काय करू?"

समाधाननं तिला बंद पडलेल्या जुन्या मशीनपुढं स्टुलावर बसवलं. पाय पायडलवर टेकले. मशीनचं लाकडी झाकण समोर ठेवून त्यावर टॅब उभा केला, तो बरोबर डोळ्यांपुढं आला. आणि नियम एकच, पप्पांच्या मशीनची बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रीळ, संपली की उठायचं. अर्ध्या तासाच्या आत ती संपायचीच. मग साक्षी खांदे फिरवायची, रस्त्यापलीकडच्या टोमॅटोच्या वावराकडं बघायची आणि नवी बॉबिन भरून द्यायची.

पंधरा ऑगस्टला शर्ट पुढून-मागून एका रेषेत आला. समाधान झेंड्याकडं कमी आणि शर्टाकडंच जास्त बघत होता. त्याचं मन अगदी भरून आलं.

त्याच संध्याकाळी साक्षीनं टेप उचलला. "पप्पा, उभे राहा."

त्याची पाठ दोन इंच जास्त भरली.

"माझं आता काय," तो हसला, "वाकायचं तेवढं वाकून झालं."

"बॉबिन संपली की आता दोघांनी उठायचं. आणि तुमचा शर्टपण ताठ मापाचा."

लेकीपुढं त्याचं काही चाललं नाही. नवा शर्ट मागून चांगलाच वर राहिला. कापड टाकायला आलेला गोकुळ हसत म्हणाला, "काय राव, टेलरचाच शर्ट आखूड?"

तेवढ्यात समाधानची बॉबिन संपली. साक्षी उठली आणि बापाला हाताला धरून उठवत म्हणाली, "शर्ट न्हाई चुकला, काका."