जिभेची आण

बनुबाईनं रहिमतबीला पदराची गाठ सगळ्यांदेखत सोडायला लावली.

मांडवात साठ-पासष्ट पोरं ओळीनं मांडी घालून बसली होती. पुढ्यात जर्मनच्या ताटल्या. एकाही ताटलीचा आवाज होत नव्हता. रहिमतबीनं गाठीला नख लावलं, सुटेना; मग दातानं ओढली. आतून मापटंभर सुकडी निघाली.

"हे काय म्हनायचं?"

"सुकडी हाय, आक्का."

"सुकडी हाय ते आंधळ्यालाबी दिसतंय. तुज्या पदराला उगवली व्हय?"

रहिमतबीनं ती सुकडी परत घमेल्यात ओतली. पदर दोनदा झटकला. हातातलं लाकडी मापटं पुसलं, घमेल्याशेजारी पालथं घातलं आणि उन्हात निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून ती खडी फोडायला बसली.

त्र्याहत्तरचा चैत्र होता. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं तोंड फिरवलं होतं आणि वडूजच्या अलीकडच्या त्या माळावर पाझर तलावाचं काम निघालं होतं. चार गावच्या बाया मातीच्या पाट्या वाहायच्या आणि पोरं उन्हात ढेकळांवर लोळायची. एक रांगतं पोर गाडीच्या चाकाखाली येता येता वाचलं, त्या दिवशी बनुबाई कामावरच्या साहेबापुढं जाऊन उभी राहिली. दोन इयत्ता शिकलेली बाई, पण तिच्यापुढं पाटील-पुढारी बसल्या जागी सरळ होऊन बसत.

"सायेब, तुमी माती मोजा. पोरं मी मोजते."

तिनं माणसं लावून करंजाच्या फांद्यांचा मांडव घातला, पाण्याचे दोन रांजण पुरले, जुन्या लुगड्यांच्या झोळ्या टांगल्या. मदतनीस म्हणून रहिमतबीला घेतलं, पिंजाऱ्याच्या घरची, गोधड्या शिवणारी. तिनं युक्ती काढली. प्रत्येक पोराच्या मनगटाला त्याच्या आईच्या लुगड्याची चिंधी बांधायची, म्हणजे पोर कुणाचं ते विचारायला नको. जे पोर फारच वाळलेलं त्याला वर एक तांबडी चिंधी, म्हणजे त्याला दीड माप. बनुबाईला ही युक्ती इतकी आवडली की आठ दिवसांत ती स्वतःचीच म्हणून सांगू लागली. रहिमतबीनं कधी दुरुस्ती केली नाही.

आणि दुष्काळातल्या पोरांसाठी सरकारची सुकडी यायला लागली त्या दिवशी, कुणी बोट दाखवायच्या आत, बनुबाईनं बिरोबाच्या पायरीवर हात ठेवला होता. "ह्या पोरांच्या घासातला कन माज्या जिभंला लागला, तर ही जीभ झडून पडंल." तेवढ्यानं भागलं नाही. मांडवातला घास मांडवातच खायचा, पदरात बांधून न्यायचा नाही, हाही तिचाच नेम. आणि तिसरी गोष्ट, जी ती घरात सुनेला म्हणाली: "आपल्या घरातली पोरं त्या रांगंत बसायची न्हाईत. आपन द्यायला बसलोय, घ्यायला न्हवं."

पोती गोदामातून आणायचं काम तिनं थोरल्या लेकाकडं दिलं. लालासाहेबाची बैलगाडी सोमवारी आणि गुरुवारी जायची. परका माणूस वाटेत पोतं फोडील, आपलं माणूस फोडणार नाही, इतका साधा हिशेब होता.

तरी सुकडी पुरेना. शेवटच्या ओळीपर्यंत जाता जाता घमेल्याचा तळ दिसायचा आणि दहा-बारा पोरं नुसती ताटल्या चाटायची. गाठ सुटली त्याच्या आदल्या दिवशी रहिमतबी पोत्याच्या तोंडाशी वाकून बसली होती.

"आक्का, ही शिवन दोनदा घातलीया. आदल्या सुईची भोकं बघा की, मोकळीच हायती."

"मग?"

"मग काय न्हाई. गोदामापास्नं हितवर पोतं एकदा उसवलंय, एवढंच."

गोदामापासून इथवर फक्त लालासाहेबाची गाडी होती. बनुबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"पिंजारनीनं गोधडीचा टाका बघावा, सरकारच्या पोत्याचा न्हवं."

त्यानंतर दुसऱ्याच दिवशी रहिमतबीच्या पदराची गाठ तिला दिसली. दिसली म्हणण्यापेक्षा, ती शोधतच होती.

रहिमतबी गेली, पण सुकडी काही वाढली नाही. उलट आता बारा-पंधरा पोरं उपाशी उरायला लागली. लालासाहेब म्हणाला, "वरनंच कमी येतंय, आई. सरकार तरी कुठनं आननार?" बनुबाईला ते पटलं. लेक सांगतोय म्हटल्यावर पटायचंच.

घरी एकच गोड गोष्ट होती. धाकटा कृष्णात फौजेत होता आणि त्याच्याकडून लाडू यायचे. कुणी सुट्टीवर येणारा शिपाई डबा आणून द्यायचा, असं लालासाहेब सांगायचा. संध्याकाळी ती मांडवातून आली की अंजना, तिची सून, वाटीत एक लाडू ठेवून पुढं सरकवायची. बनुबाई दिवसभर तपकीर ओढायची, तिच्या नाकाला वास असा उरलाच नव्हता. पण जीभ जागी होती. वेलदोडा लागायचा, गूळ लागायचा आणि गिळताना मागून एक करपट कडसर चव यायची.

"मिल्ट्रीतल्या आचाऱ्याला भट्टी सांबाळता येईना," ती हसून म्हणायची. "बंदुका काय सांबाळत्यात देव जाणं."

अंजना हसायची नाही. पोरांच्या वाट्या उचलून आत न्यायची. बनुबाई लाडू अर्धा खायची आणि अर्धा नातवंडांना द्यायची. कृष्णातचं पत्र लालासाहेब वाचून दाखवायचा: मी खुशाल आहे, सर्वांना नमस्कार, आईसाठी लाडू पाठवले आहेत. ती मान हलवत ऐकायची. मांडवात बायांना सांगायची, "माजा कृष्णात तिकडं बर्फात उभा ऱ्हातोय, पर आईचं तोंड गोड करायचं चुकत न्हाई."

साळूबाईची विजयमाला तीन वर्षांची होती आणि दीड वर्षाची दिसायची. तिच्या मनगटाला तांबडी चिंधी होती. ती महिन्याभरात तीनदा आवळून बांधावी लागली. रहिमतबी गेल्यानंतर पोरगी आणखीच खालावली. तपासायला येणारी नर्स तिचा दंड चिमटीत धरून म्हणाली, "हिला रोज दोन वेळा पोटभर गेलं तरच. नाहीतर पावसाळा दिसायचा नाही."

साळूबाई मातीची पाटी टाकून आली होती. नर्स पुढं गेल्यावर ती बनुबाईपाशी उभी राहिली.

"दोन येळा जात हुतं, आवं आक्का. सांजचं रहिमतबी द्यायची."

"कुठनं द्यायची?"

"तिच्या वाटनीचं. मदतनिसाला माप असतंय न्हवं का, ते ती खायाचीच न्हाई. पदरात बांधून आमच्या पालावर यायाची आन पोरीला भरवायाची. रोज."

बनुबाईनं तपकिरीची डबी उघडली, तशीच मिटली.

"तवा बोलली का न्हाईस? तोंड काय पाटीखाली ठिवलं हुतंस?"

"बोलले आस्ते, तर माज्या पोरीचंबी माप बंद झालं आस्तं," साळूबाई म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. "तुमचा राग समद्या माळाला ठावं हाय."

ती पाटी उचलून गेली. बनुबाईनं विजयमालाला उचलून मांडीवर घेतलं. पोरीचं वजन लागेना. कोंबडीचं पिल्लू धरल्यासारखं वाटलं. तिनं तिची ताटली जवळ ओढली आणि तिला घास भरवू लागली. पोरगी दोन घास खायची आणि तिसरा चिमटीत धरून म्हातारीच्या तोंडाशी न्यायची. भरवणाऱ्याला भरवायची सवय तिला रहिमतबीनं लावली असणार. बनुबाई दर खेपेला ओठ मिटून मान मागं घेई.

"मला नगं गं. माजी आन हाय."

पोरीला आण काय कळणार. तिचा हात तसाच वर राहिला आणि थरथरायला लागला. हात धरून ठेवण्याइतकाही जोर तिच्यात नव्हता, तरी तो खाली येईना. बनुबाईनं एकदा बिरोबाच्या देवळाकडं बघितलं आणि तोंड उघडलं.

वेलदोडा नव्हता. गूळ होता, भाजलेला गहू होता. तिनं गिळलं आणि मागून ती करपट कडसर चव आली.

ती हलली नाही. पोरगी खुशीत दुसरा घास घेऊन तयार होती. बनुबाईनं तोही घेतला, आणि या खेपेला हळूहळू चावला. मग पोरीला झोळीत ठेवून ती पोत्यापाशी गेली, खाली बसली आणि शिवणीवरून बोट फिरवलं. नव्या टाक्यांच्या शेजारी जुनी भोकं होती. मोकळीच.

संध्याकाळी घरी अंजनानं वाटी पुढं सरकवली. लालासाहेब उंबऱ्यावर बसून बैलाचं दावं वळत होता.

"कृष्णाताचं पत्र वाच बरं परत," बनुबाई म्हणाली.

त्यानं कोनाड्यातून कार्ड काढलं. "मी खुशाल आहे. आईसाठी लाडू पाठवले आहेत. सर्वांना नमस्कार."

"मागल्या टायमाला नमस्कार आदी हुता. लाडू मागनं हुतं."

लालासाहेबानं कार्डाकडं बघितलं. कार्ड हातात तसंच राहिलं, पण त्याचे डोळे अक्षरांवर नव्हते. बनुबाईनं वाटीतला लाडू उचलला. खाल्ला नाही, पदराच्या टोकात ठेवला आणि गाठ मारली. वर आणखी एक मारली.

अंजना चुलीकडं तोंड करून म्हणाली, "आमची पोरं तुमी रांगंत बसवू दिली न्हाईसा, आत्ती. कनगीत काय हाय ते वाकून बघितलंसा कवा? त्यास्नी काय चारायचं हुतं मी?"

"मला इचारायचं."

"तुमाला?" अंजना म्हणाली, आणि चुलीत लाकूड सारलं.

बनुबाईनं नातवंडांकडं बघितलं. दोघांचे गाल भरलेले होते. गेले दोन महिने ती ते गाल बघून माळावर सांगत होती, की दुष्काळाला आमच्या घराचा उंबरा ओलांडता येत नाही.

"चोरलंसा ते चोरलंसा," ती लालासाहेबाला म्हणाली. "कृष्णाताचं नाव कशाला घेतलंसा रं? मी त्याच्या नावानं खाल्लं."

लालासाहेबानं दावं हातातून खाली ठेवलं. "तू दुसऱ्या कुनाच्या नावानं खाल्लं नसतंस, आई."

सकाळी तिनं आपल्या लुगड्याच्या काठाची पट्टी टरकावली, तिचे दोन तुकडे केले आणि दोन्ही नातवंडांच्या मनगटाला बांधले. सोमवार होता. लालासाहेब गाडी जुंपत होता. ती त्याच्याकडं न बघता पोरांचे हात धरून निघाली. मांडवापाशी पोरांना शेवटच्या ओळीत बसवलं. सवयीनं ओळी मोजायला तिनं बोट उचललं आणि तसंच खाली घेतलं.

मग ती खडीच्या ढिगाकडं चालू लागली. कामाला लागलेल्या बाया पाट्या घेऊन थांबल्या. बनुबाई खडीकडं कधी गेली नव्हती.

रहिमतबी पाय पसरून बसली होती. दगड, घाव, दगड. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. सावली पडली तशी तिनं वर बघितलं.

"आक्का? साळूच्या पोरीला काय झालं का?"

"पोरगी हाय." बनुबाई तिच्या समोर खडीवरच बसली. धारदार कपच्या टोचत असणार, पण तिनं बूड हलवलं नाही. पदराचं टोक पुढं धरलं. "ही गाठ सोड."

"काय हाय त्यात?"

"सोड म्हनते न्हवं. समद्यांदेखत सोड."

रहिमतबीनं हातोडी खाली ठेवली. आजूबाजूच्या बाया गोळा झाल्या होत्या, साळूबाईही होती. वडूजच्या वाटेवर गोदामाकडं निघालेली लालासाहेबाची रिकामी गाडी येऊन थांबली. बैलांच्या घुंगरांचा आवाज बंद झाला. रहिमतबीनं चिंध्या गुंडाळलेल्या बोटांनी गाठ धरली. दुहेरी गाठ, नखाला दाद देईना. तिनं एकदा बनुबाईच्या तोंडाकडं बघितलं, मग वाकून गाठीला दात लावले.