जीप जाते, मग रस्ता कशाला

जीपचा इतिहास आमच्या विकास खंडाच्या कचेरीत सगळ्यांना पाठ होता. तो कय्यूम ड्रायव्हर गाडी चालवता चालवता सांगायचा, आणि ऐकणाऱ्याला उतरून जायची सोय नसायची.

ही गाडी अमेरिकेत लढाईसाठी जन्मली, हे त्याचं पहिलं वाक्य. ब्रह्मदेशाच्या चिखलात त्याने स्वतः ती चालवली होती, हे दुसरं. लढाई संपल्यावर गोऱ्यांनी रणगाडे नेले, तंबू नेले, पण जीप इथेच राहिली, कारण तिला हा देश आवडला, हे तिसरं. नव्या विलीज जीपचे भाग पेट्यांतून मुंबईला येतात आणि तिथे जोडले जातात, हे सांगताना तो आवाज खाली आणायचा. आपल्याकडे लग्न जुळवणारी माणसं वधूच्या माहेराबद्दल तसंच बोलतात.

"ही मोटार नाई साहेब, बकरी आहे," तो म्हणायचा. "बकरीले कोणी रस्ता करून देते का?"

आमचं सगळं दुखणं या वाक्यात होतं, पण ते मला उशिरा कळलं.

जीप येण्याआधी चांदा जिल्ह्यात साहेब लोक दौऱ्यावर रेंगीतून जात. रेंगी म्हणजे छोटी, हलकी बैलगाडी. ती प्रत्येक दगडाची बातमी थेट साहेबाच्या कमरेला कळवते. दोन मुक्काम रेंगीत काढलेला साहेब परतला की पहिलं काम रस्ता मंजूर करण्याचं करी. जिल्ह्यातले निम्मे रस्ते असे साहेबांच्या कमरेतून निघालेले आहेत. मग जीप आली. तिला रस्ता लागत नाही. साहेबाला जीप मिळाली आणि साहेबाच्या कमरेचा आणि गावाच्या रस्त्याचा संबंध तुटला. स्वातंत्र्यानंतर झालेल्या प्रगतीत ही एक मोजायची राहून गेली.

मी त्या कचेरीत समाजशिक्षण संघटक होतो. म्हणजे गावोगाव जाऊन लोकांना, तुमचा विकास होणार आहे, असं सांगायचं आणि तो होईपर्यंत दुसऱ्या गावाला निघून जायचं.

सिंदेवाहीच्या पलीकडे जंगलात कोसंबटोला म्हणून धानाचं गाव होतं. गावाच्या अलीकडे रुंद नाला. उन्हाळ्यात त्यात नुसती वाळू, पावसाळ्यात नुसतं पाणी. आषाढ लागला की गाव दसऱ्यापर्यंत जगापासून सुटं व्हायचं. नाल्यावर रपटा, म्हणजे ठेंगणा फरशीचा पूल, बांधा आणि तिथपर्यंत रस्ता करा, एवढीच मागणी. पण पाहणीला येणारा प्रत्येक साहेब उन्हाळ्यात यायचा, जीपने यायचा, वाळूतून आरामात पार व्हायचा, आंबे खायचा आणि सांगायचा, "गावाला पोचता येतं."

त्या गावच्या मुखरूने हे कोडं सोडवलं. मुखरू पन्नाशीचा धानकरी, पंचायतीचा पंच. दोन वर्षांपूर्वी श्रावणात त्याच्या लेकीचं, कमळाचं, पहिलं बाळंतपण अडलं होतं. तिला बाजेवर घालून नाल्यापर्यंत आणली आणि पाणी उतरायची वाट पाहत सगळे काठावर उभे राहिले. पाणी उतरलं तेव्हा कमळा वाचली होती, बाळ नव्हतं. आता ती पुन्हा पोटुशी होती, माहेरी आली होती, आणि तिचे दिवस आषाढातच भरत होते. या खेपेस रस्त्याच्या खात्याचे सावदेकर साहेब नागपूरहून यायचे होते. पावसाळ्याआधी त्यांनी शब्द दिला तर निदान सागाच्या ओंडक्यांचा तात्पुरता साकव होईल, अशी आशा होती.

मुखरू दोन दिवस आधी आमच्या कचेरीत आला आणि थेट कय्यूमकडे गेला.

"कय्यूमभाऊ, एक काम होतं जी. तुमची गाडी नाल्यात फसवा."

कय्यूम चाकाचे नट आवळत होता. त्याने पाना खाली ठेवला. "काय म्हणता?"

"साहेब बसले असतानी फसवा. वाळूत. थोडकी वेळ."

"मुखरूभाऊ, मी बर्म्यात नाई फसलो. जपानी बंदुका घेऊन मांगं लागले तरी नाई फसलो. तुमच्या ह्या नाल्यात फसू? लोक काय म्हनतीन?"

"लोकाईचं सोडा. तुमची गाडी निंगून जाते, म्हणून आमचा रस्ता होत नाई. तुमीच आमचे दुश्मन झाले बाप्पा."

"आता मले दुश्मन म्हना! मागच्या होळीले गाडीले हार कोणं घातला होता?"

"तवा समजलं नव्हतं जी."

कय्यूमने पाना उचलला. आवळलेलेच नट पुन्हा आवळू लागला. जीपला पुढच्या चाकांना जोर देणारा एक छोटा दांडा असतो. तो ओढला की चारही चाकं कामाला लागतात आणि वाळू, चिखल, चढ, काही अडत नाही. तो न ओढता जीप वाळूत घातली की मागची चाकं जागच्या जागी फिरून खड्डा करतात. म्हणजे काही करायचं नव्हतं, फक्त एक गोष्ट करायची नव्हती. कचेरीत आम्हा सगळ्यांना ते सहज जमत असे. कय्यूमला जड जात होतं.

"पाहू," तो शेवटी म्हणाला. "पण गावच्याईले सांगा, कोणी हात लावाचा नाई. साहेबाले जरा वेळ उन्हात बसू द्या."

ही सूचना महत्त्वाची होती, कारण कोसंबटोल्याला एक खोड होती. त्या नाल्यात कोणाचीही बंडी, म्हणजे बैलगाडी, फसली आणि हाक ऐकू आली की जो ऐकेल त्याने हातातलं टाकून जायचं. बंडी निघेपर्यंत गावात कोणी जेवायचं नाही. पत्रू आणि झाडू हे सख्खे भाऊ शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भांडणावरून कित्येक वर्षं बोलत नव्हते, पण एकाची बंडी फसली की दुसरा येऊन खांदा लावी. बंडी निघाली की दोघं न बोलता दोन वाटांनी घरी जात. त्यात पाहुण्याची गाडी असली तर विचारायलाच नको.

मुखरूने सगळ्यांना बसवून समजावलं. सगळ्यांनी माना हलवल्या. एक दिवस नाही लावला खांदा, तर काय होते?

सावदेकर साहेब वाईट माणूस नव्हते. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत माणूस जेवढा थकतो तेवढे थकलेले होते. सकाळी निघालो, तेव्हापासून ते एकच म्हणत होते, "काय गाडी आहे हो! आमच्या काळात असती तर मी माणसात राहिलो असतो." कय्यूम त्या दिवशी इतिहास सांगत नव्हता.

नाला आला. जीप वाळूत उतरली. मी मागच्या बाकावरून पाहत होतो. कय्यूमचा हात सवयीने त्या दांड्याकडे गेला आणि हवेतच थांबला. मग परत आला. मागची चाकं फिरली, किंचाळली आणि जीप हळूच बुडापर्यंत रुतून बसली.

"फसली," कय्यूम म्हणाला. त्याच्या तोंडून तो शब्द असा निघाला की मला वाटलं, कोणीतरी गेलं.

पलीकडच्या काठावर आंब्याखाली अख्खं गाव बसलेलं. कोणी हललं नाही. वैशाखाचं ऊन, चहूकडे वाळू, आणि मधोमध आम्ही तिघं. सावदेकर साहेबांनी रुमाल डोक्याला बांधला. "अरे, ती माणसं येत का नाहीत?"

"डरते साहेब गाडीले," कय्यूम म्हणाला.

साहेबांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग ते बोलून गेले, "पावसाळ्यात इथे काय होत असेल हो! इथे काहीतरी करायलाच हवं." मी कय्यूमकडे पाहिलं. काम झालं होतं. अजून घटकाभर गाव आंब्याखाली बसलं असतं, तर रपटा झालाच होता.

पण साहेब चांगले होते, हीच अडचण झाली. ते खाली उतरले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि जीपच्या मागे जाऊन स्वतः ढकलू लागले. म्हातारा माणूस, एक बूट वाळूत राहिला, एक पायात.

काठावर डोमाजी बसले होते. गावातले सगळ्यात म्हातारे, डोळ्यांनी अधू. त्यांनी विचारलं, "गाडी कोण ढकलून राह्यलं रे?"

सगळ्यांनी मुखरूकडे पाहिलं.

"मुखरू, तुले पुसून राह्यलो."

"साहेब, बावाजी."

"पाहुना ढकलते आन् आपून सावलीत बसलो? पोट्टेहो, मी मेल्यावर कराचं होतं हे."

पत्रू उठला. मग झाडू. मुखरूने दोघांच्या धोतराला हात घातला, "बसा ना रे! काऊन समजत नाई तुमाले?" तेवढ्यात साहेबांचा पाय घसरला आणि ते वाळूत गुडघ्यावर आले. मग मुखरूच सगळ्यांच्या पुढे धावला.

पंधरा-वीस जणांनी धरली आणि जीप उचलूनच पलीकडे नेऊन ठेवली. ढकललीसुद्धा नाही. मुखरूने साहेबांचा बूट वाळूतून काढून, झाडून, हातात दिला.

"काय लोक आहेत!" साहेबांचे डोळे भरून आले होते. "अशी एकी असल्यावर या गावाला काय कमी आहे?"

हे ऐकून मुखरू वाळूतच बसला.

दुपारी मांडवात भात-वरण झालं. साहेब प्रामाणिक होते, ते मुखरूला म्हणाले, "हे बघा, गाडी एकदा फसली तर ड्रायव्हरची चूकही असू शकते. परत जाताना पाहतो. पुन्हा फसली, तर मी रपटा मागणारच. माझा शब्द."

मुखरूने मग घरोघर फिरून ताकीद दिली. तरण्या पोरांना तेंदूपत्त्याच्या कामाला जंगलात लावून दिलं. डोमाजींना त्याने स्वतः घरात नेऊन बसवलं आणि कवाड ओढून घेतलं. "आता ऐकू आलं तरी गप राहा, बावाजी. हात जोडतो." कय्यूमला तो म्हणाला, "आणखीन एक डाव, कय्यूमभाऊ."

"एकदा नाक कापलं, आता दुसऱ्यांदा काय दुखते?" कय्यूम म्हणाला.

आम्ही निघायच्या बेतात होतो, तेवढ्यात सुईण भागीरथा मुखरूच्या घरातून लगबगीने आली. कमळाच्या पोटात सकाळपासून दुखत होतं, पण पाहुणे म्हणून तिने कोणाला सांगितलं नव्हतं. आठवा महिना.

"मूल आडवं आहे जी," भागीरथा म्हणाली. "मायाच्यानं नाई होत. दवाखान्यात न्या. बंडीनं सकाळ होते, तेवढा दम ती नाई धरत."

मुखरूने जीपकडे पाहिलं. मग माझ्याकडे, मग साहेबांकडे. साहेबच म्हणाले, "गाडी आहे ना. घाला तिला."

मागचे बाक घडी करून तिथे गोधड्या टाकल्या. कमळाला आडवी केली; तिची आई गुणाबाई उशाशी, भागीरथा पायाशी. मुखरू आणि मी दोन बाजूंना लोंबकळलो. साहेब पुढे.

नाल्याच्या काठावर कय्यूमने जीप उभी केली. त्याने मागे वळून मुखरूकडे पाहिलं. साहेबांना वाटलं, तो वाळूचा अंदाज घेतो आहे.

कमळाने गुणाबाईचा हात धरला होता आणि ओठ दाताखाली घेतला होता. मागे गाव कवाडं लावून बसलं होतं. ठरल्याप्रमाणे सगळं जागेवर होतं. या वेळी कोणीही आलं नसतं.

"कय्यूमभाऊ," मुखरू म्हणाला, "चालवा. चारी चाकानं."

दांडा ओढल्याचा आवाज झाला. जीप वाळूतून गेली ती नुसती गेली. पाण्यातून मासोळी जाते तशी. कमळाला धक्का बसला नाही. मी त्या जीपमधून शेकडो वेळा फिरलो असेन, पण ती गाडी काय चीज आहे, ते मला त्या दिवशी दिसलं, आणि तेव्हा तिचं कौतुक करायचं कोणाच्या मनात नव्हतं.

"गेली की!" साहेब म्हणाले. "मुखरू, पाहिलंत?"

"हाव जी."

"आता मी काय सांगू वर?"

"जाते म्हणून सांगा, साहेब. जोरात घ्या, कय्यूमभाऊ."

दिवस मावळायच्या आत आम्ही सिंदेवाहीच्या दवाखान्यात होतो. डॉक्टर जागेवर होते. ओसरीवर बसलो असताना साहेबांनी कय्यूमला विचारलं, "मग सकाळी कशी फसली रे?"

कय्यूम मान खाली घालून बोलला, "साहेब, तो नाला बहुत खराब आहे. मी तिथी नेहमी फसतो."

एवढी मोठी थाप त्याने आयुष्यात मारली नसेल, आणि तीही स्वतःच्या अब्रूवर.

"मग रस्ता नको," साहेब म्हणाले. "ड्रायव्हर बदलायला हवा."

आत मूल रडलं. नर्सने बाहेर येऊन, मुलगी आहे, दोघी बऱ्या आहेत, असं सांगितलं. गुणाबाई पदर तोंडाला लावून रडू लागली. साहेबांनी मुखरूची पाठ थोपटली आणि म्हणाले, खरोखर मनापासून म्हणाले, "पाहिलंत? पोचता येतं."

"येते साहेब. तुमाले येते."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. त्यांना नागपूरची गाडी पकडायची होती.

मुखरूने सिंदेवाहीतल्या एका सोयऱ्याकडे खोलीसाठी बोलणं केलं. नातीला इतक्यात गावी न्यायची नाही, असं त्याने ठरवलं होतं; पावसाळा तोंडावर होता आणि तान्हं मूल घेऊन नाल्याच्या त्या अंगाला अडकायचं त्याच्यात बळ नव्हतं. गुणाबाई दोघींजवळ राहणार होती. पेरणीसाठी तो एकटा परत निघाला. कय्यूम म्हणाला, "बसा, नाल्यापर्यंत सोडतो."

"नको जी," मुखरू म्हणाला. "पायी जातो. मीबी गाडीनंच पोचलो, तर रस्ता कोण मांगन?"

आणि खांद्यावर पंचा टाकून तो गाडीच्या वाटेने चालू लागला.