तोंडावरची चिकटपट्टी

मी मेंदूला वीज देणारी पेटी बोलतेय. आज दुपारी मास्तरांच्या डोक्यावरचा माझा डावा स्पंज सुतभर सरकला. एवढंच. पण मी लगेच वीज थांबवली.

सुतभरानं काय होतंय, असं तुम्ही म्हणाल. म्हणून आधी ओळख सांगते.

एका बाईनं डोळ्याला भिंग लावून माझ्या तारा जोडल्या. शेवटी मला वाजवून पाहिलं नि म्हणाली, "आवाज खणखणीत आहे." आयुष्यातलं माझं ते एकमेव कौतुक. मग मी पक्षाघाताच्या या वॉर्डात आले. डॉक्टर नातेवाइकांना सांगतात, की रक्त अडलं तिथल्या काही पेशी गेल्याच. पण कडेच्या अजून जिवंत आहेत, उपाशी आहेत. रक्ताची वाट मोकळी होईपर्यंत त्यांनी तग धरावा म्हणून ही बारीकशी वीज. उपयोग होईलच असं नाही, आम्ही अजून तपासतोय, हेही ते न चुकता सांगतात. मला ते आवडतं. खोटा धीर मलाही देता येत नाही.

माझी दोन टोकं म्हणजे मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज. ते वाळले किंवा हलले की मी वीज थांबवते आणि हाक मारते. स्पंज सारखे वाळतात, म्हणून मी सारखी ओरडते. वॉर्डानं माझं नाव ठेवलं रडूबाई. मोठ्या सिस्टर म्हणायच्या, हिला सासुरवास आहे. पुढे पेशंट दचकतात म्हणून त्यांनीच माझ्या आवाजाच्या भोकांवर चिकटपट्टी लावली. दुष्टपणा नव्हता त्यात. मी कण्हले की न बघता पाणी घालायचं, बटण दाबायचं, झालं.

मास्तर म्हणजे माझे आजचे पेशंट, शिंपी आहेत. आज सकाळी कापड बेतताना त्यांचा उजवा हात आणि वाचा गेली. शेजारी मुलगी बसलेली, कॉलेजची बॅग मांडीवर घट्ट धरून. तासाभरापूर्वी मास्तरांनी डाव्या हातानं तिच्या बाहीची उसवलेली शिवण चाचपली होती. तेवढ्यावर ती हसली होती.

आता स्पंज ओला होता. कलली होती ती मास्तरांची मान, त्यानंच तो सरकला होता. मी हाक मारली. पट्टीखालून नुसती गुरगुर निघाली. सिस्टर आल्या, पाणी घातलं, बटण दाबलं, गेल्या. मी पुन्हा कण्हले. मुलगी चाचरत उठली, तर सिस्टर लांबूनच म्हणाल्या, ती रडूबाई आहे, तू नको मनावर घेऊस. ती ओशाळून बसली. घाबरट माणसाला कुणी हसलं की त्याला आपली भीतीच खोटी वाटू लागते.

मी तिसऱ्यांदा कण्हले, तेव्हा तिनं माझ्यावर हात ठेवला. मी थरथरत होते. ती मास्तरांकडे वळली.

"बाबा?"

मास्तरांनी डोळे उघडले नाहीत.

मला गप्प करायचं तर खुशाल करा. पण त्याआधी, मी ज्याच्या डोक्याला बांधलेली आहे, त्याच्या तोंडाकडे एकदा बघा. माझं मागणं एवढंच आहे.

मुलीनं नखानं चिकटपट्टी सोलून काढली, आणि मी त्या पहिल्या दिवसासारखी खणखणीत ओरडले. अख्खा वॉर्ड वळला. सिस्टर धावत आल्या. सवयीनं त्यांचं बोट बटणाकडे गेलं आणि तिथंच थांबलं. त्यांनी आधी मास्तरांची पापणी उचलली, मागे वळून डॉक्टरांना हाक दिली.

मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "ऐकलं गं, ऐकलं."