आतून कडी नसलेली चौकी

कवठाळीच्या आठवडी बाजारात त्या मंगळवारी बंदोबस्ताला एकटी सिंधु होती. अंगात होमगार्डचा खाकी गणवेश, हातात काठी, गळ्यात शिट्टी. हवालदार साहेबराव सकाळीच नांदेडला मोठ्या बंदोबस्तावर गेले होते. जाताना एवढंच म्हणाले, "दुपारपर्यंत सांभाळ. नवी चौकी हाय की आता गावाला."

चौकी होती खरी. सरकारी निधीतून बांधलेली, गुळगुळीत फरशीची, छपरावर दोन कॅमेरे. उद्घाटनाच्या दिवशी सिंधुनंच दारात रांगोळी काढली होती. पण तीन महिने झाले तरी तिथं माणूस नेमला नव्हता, कॅमेऱ्यांना वीज आली नव्हती, आणि दाराला आतून कडी बसवायची ठेकेदार विसरला तो विसरलाच.

अकराच्या सुमाराला भाजीच्या ओळीतून आरडाओरडा ऐकू आला. सिंधु धावली. पांढऱ्या केसांची एक म्हातारी दहा-बारा जणांच्या घोळक्यात सापडली होती. कुणी तिचा पदर ओढत होतं, कुणी पिशवी उपसत होतं.

"पोरगी उचलून चालली होती! म्या सोत्ता पाहिलं!"

चार दिवसांपासून गावातल्या प्रत्येक फोनवर एकच निरोप फिरत होता. पोरं पळवणारी टोळी आलीय म्हणून. म्हातारी काहीतरी बोलत होती, पण ती भाषा कुणाला कळत नव्हती, आणि न कळणारी भाषा हाच आता तिचा गुन्हा झाला होता. पहिली चप्पल तिच्या कानशिलावर बसली तशी सिंधु मधे शिरली. काठी आडवी धरून तिनं म्हातारीला बगलेत घेतलं आणि पंचवीस-तीस पावलांवरच्या चौकीत ओढत नेलं.

दार लोटलं आणि मग तिला कडी आठवली.

तिनं पाठ दाराला लावली, टाचा फरशीवर रोवल्या. गुळगुळीत फरशीवर बूट घसरत होते. एका हातानं तिनं पोलिसांच्या एकशे बाराला फोन लावला. "गाडी तालुक्याहून निघतीय ताई, दार बंद ठेवा," पलीकडचा आवाज म्हणाला. तालुका अठरा किलोमीटर. बाहेर आता दहा-बारा नव्हे, शंभर-दीडशे माणसं असावीत.

"वहिनी, बाजूला व्हा! आमचं तुमच्याशी काय न्हाई!"

तो आवाज तिनं ओळखला. सत्यमचा. शेजारचा सत्यम, रोज सकाळी लिटरभर दूध घालणारा. मग तोच आवाज म्हणाला, "दार फोडा रे." अनोळखी माणसांची भीती तिला ठाऊक होती. ही वेगळी होती.

खिडकीची काच फुटली. म्हातारी कोपऱ्यात गुडघ्यांत मान घालून एकच गोष्ट पुटपुटत होती, "बिड्डा पडिपोयिंदी, बिड्डा पडिपोयिंदी." दाराला धक्के बसत होते, दर धक्क्याला सिंधुचा खांदा दारावर ठेचला जात होता. बोटभर फट पडली की ती पुन्हा रेटायची. बायकांना मारणार नाहीत, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. खरं वाटेना.

फुटक्या खिडकीशी बांगड्या विकणारी हसीना दिसली. तिची टोपली समोरच मांडलेली. चेहरा पांढराफटक. या गर्दीपुढं बोलणं तिला किती महागात पडू शकतं, हे दोघींनाही सांगावं लागत नव्हतं.

"सिंधुताई, काय म्हणून राहिली ती?"

"कळंना, आपा. बिड्डा बिड्डा म्हणती."

तेलंगणाच्या सीमेलगतचं देगलूर हसीनाचं माहेर. तिनं खिडकीतून दोन शब्द टाकले, म्हातारीनं मान वर केली आणि रडत भडाभडा बोलली. हसीना वळली, आणि तिचा बारीक आवाज कधी नव्हे एवढा चढला.

"तेलुगु बोलती ती! पोरगी ठेचकाळून पडली म्हणून उचलली म्हणती! पोरगी कुणाची हाय? तिच्या मायला आना की इथं!"

"तू कोण सांगणारी?" कुणीतरी ओरडलं. हसीना हलली नाही. चौकीच्या पायरीवर तशीच बसून राहिली. तिच्याकडं बघून भाजीवाली चांगुणा आली, तिच्या मागं आणखी तिघी. बायकांच्या डोक्यांवरून दगड मारायला हात लगेच उठेनात.

तेवढ्यात पोरीची आई शिल्पा धापा टाकत आली. पोरगी कडेवर, गुडघा खरचटलेला. "अवो, म्या वांगी घेत होते, ही नालीत पडली! त्या मायनंच काढली तिला! कुणी इचारलं का मला?"

कुणीच विचारलं नव्हतं. गर्दी मागून सुटत गेली. "असं व्हय," म्हणत माणसं पुन्हा कांदे निवडायला लागली.

गाडी पाऊण तासानं आली. म्हातारी तेलंगणातल्या बोधनची होती. नांदेडला मुलाबरोबर डोळे दाखवायला आलेली, चुकून दुसऱ्याच एसटीत बसलेली. दुसऱ्या दिवशी मुलगा येऊन तिला घेऊन गेला.

त्याच सकाळी सत्यम दूध घेऊन आला. "वहिनी, काल गर्दीत लागलं का वो तुम्हाला?" त्यानं अगदी काळजीनं विचारलं. सुजलेला खांदा पदराखाली झाकून सिंधुनं पातेलं पुढं केलं.

साहेबरावांना मात्र तिनं सांगितलं, "एकटीला पाठवू नका, साहेब." ते म्हणाले, "माणूस मिळंना बाई, काय करू?"

पुढच्या मंगळवारी ती पुन्हा बाजारात उभी राहिली. हसीनानं आपली टोपली तिच्या जवळ आणून मांडली. पण माणसं वाढायला लागली तशी सिंधुची नजर गर्दीत फिरत राहिली. सत्यम कुठं उभा आहे, हे ती आधी शोधत होती.