डावा कोपरा

कारभारीनं गादीची खुर्ची मैदानाच्या रेषेला लावली, उपरण्यानं झटकली, दोन पावलं मागं सरून बघितली आणि पुन्हा वीतभर उजवीकडं सरकवली. सोसायटीच्या ऑफिसातून मागून आणलेली ती एकच खुर्ची होती. बाकी साऱ्या प्लॅस्टिकच्या. त्यांच्यावर कुणी कसं बसावं याची कारभारीला फिकीर नव्हती.

"आबा, ऊन फिरंल तिकडं," त्याची लेक संस्कृती गुडघ्याला पट्टी बांधता बांधता म्हणाली.

"फिरू दे. तवर मॅडमनी काय बघायचं ते बघून झालेलं आसंल."

मॅडम म्हणजे दमयंतीबाई. नगरच्या. बाप कलेक्टर कचेरीत कारकून, आई शाळेत मास्तरीण, आणि ही एक मुलगी अंगाला माती लावून घेत थेट महाराष्ट्राच्या संघात गेलेली. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून खेळणं सुटलं. आता मुलींच्या व्यावसायिक लीगमधल्या एका संघासाठी त्या कॉलेजच्या खेळाडू हेरत फिरत. विद्यापीठाच्या सामन्यांत त्यांनी संस्कृतीच्या चढाया पाहिल्या होत्या. पुढच्या आठवड्यात लीगची निवड होती, संघात एकच जागा भरायची राहिली होती, आणि त्याआधी पोरीला तिच्या मैदानावर एकदा पाहायचं, एवढंच त्यांनी फोनवर सांगितलं होतं.

एवढंच, पण कारभारीनं ते बेलापूरच्या बाजारात न सांगता पसरवलं. त्याची रीत साधी होती. दाढी करताना न्हाव्याला म्हणायचं, "कुनाला बोलू नगंस." दुपारपर्यंत अख्ख्या वस्तीला ठाऊक होतं.

आता बघायला येणार म्हटल्यावर गावाला बघण्याची एकच तऱ्हा ठाऊक. त्यामुळं सकाळी अंगण सारवलं गेलं. संस्कृतीच्या आईनं, मनकर्णानं, पोह्यांत शेंगदाणे जरा जास्तच टाकले. थोरल्या चुलत्यांनी टोपी बदलली. आणि दमयंतीबाई गाडीतून पाय सांभाळत उतरल्या तेव्हा कारभारीच्या तोंडून निघून गेलं, "प्रवासात त्रास न्हाई ना झाला? घर सापडलं लगीच?"

"सापडलं. खेळ कधी सुरू होतोय?"

"चहा तर घ्या आदी. पोरगी काय पळून चालली न्हाई."

कॉलेजच्या पोरींचेच दोन संघ पाडले होते. संस्कृतीकडच्या पोरी जरा नवख्या होत्या, जुन्या सगळ्या समोरच्या बाजूला. मातीवर पहाटे पाणी मारलं होतं, रेषा फक्कीनं पांढऱ्याशिप्पट. खेळ सुरू व्हायच्या आधी कारभारी चपला काढून समोरच्या संघाकडं गेला.

"पोरींनो, पाहुनी लांबून आलीय," तो आवाज उतरवून म्हणाला. "हात जरा... कळतंय न्हवं?"

पोरी खुदखुदल्या. डाव्या कोपऱ्याला उभी राहणारी स्नेहल मात्र वेणी बनियनच्या गळ्यात खोचत राहिली. ती शेजारच्या सूर्यभानची. गप्प माणसाचा होकार धरायचा, ही सवय कारभारीला सोसायटीच्या मीटिंगांमधून लागली होती. तो समाधानानं परतला.

आणि मग संस्कृतीनं मैदान मारायला सुरुवात केली. पहिल्या चढाईत दोघी टिपल्या. दुसऱ्या चढाईत तिघी. कोपऱ्यालगत कव्हरला उभ्या पोरी तिचा हात यायच्या आत खांदा पुढं करत होत्या. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवरून शिट्ट्या येऊ लागल्या. थोरले चुलते दर गुणाला मॅडमच्या तोंडाकडं बघत. जणू गुण तिथं लागणार होता.

दमयंतीबाई पोहे खात होत्या. पोहे संपल्यावर त्यांनी मोबाईल काढला.

"आवडलं न्हाई का काय?" कारभारीनं वाकून विचारलं.

"पोहे चांगले झालेत."

हे उत्तर कारभारीनं नफ्यातच धरलं.

संस्कृतीनं मात्र मोबाईल पाहिला होता. पुढच्या चढाईला ती मध्यरेषेवर आली आणि दम घ्यायच्या आधी डाव्या कोपऱ्याकडं बघून म्हणाली, "स्नेहे, लगीन लागलंय का हितं? आक्षता टाकल्यागत हात हलवतीयास ते."

"काकांनी सांगितलंय."

"काका खेळत्यात का तू?"

स्नेहलनं तळहात मांडीवर पुसले. संस्कृती "कबड्डी, कबड्डी" करत आत शिरली, उजवीकडं झुकल्याचं दाखवून तिनं बोनस रेषेवर पाय टाकला, आणि पाय परत उचलायच्या आत घोटा स्नेहलच्या दोन्ही हातांत होता. गुडघे टेकलेली, मान खाली घातलेली स्नेहल त्या पायाला अशी बिलगली की संस्कृतीनं तिला हातभर फरफटत नेलं तरी पकड ढिली होईना. ते पाहून बाकीच्यांना एकदम आपण कबड्डी खेळतो आहोत याची आठवण झाली. चौघी अंगावर पडल्या. ढिगाखालून संस्कृतीचा हात बाहेर आला, बोटं मध्यरेषेच्या दिशेनं माती उकरत सरकली, आणि थांबली.

बाद.

कुणीतरी टाळी वाजवली आणि आपण एकटेच आहोत हे कळल्यावर बंद केली.

"सूर्यभानच्या पोरीला कवा काय करावं त्याची काडीची अक्कल न्हाई," कारभारी पुटपुटला. मनकर्णा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ती म्हणाली, "तिनं तिचं काम क्येलं. तुमी तुमचं का क्येलं, ते इचारा सोताला."

संस्कृती मैदानाबाहेर, गादीच्या खुर्चीमागं जरा कडेला, बाद झालेल्यांच्या जागेवर जाऊन बसली. तिच्या संघाला गडी मारता येईना, त्यामुळं तिला उठता येईना. चढायांमागून चढाया गेल्या. कारभारीला ते बघवेना. एवढी तयारी केलेली, आणि मुलगी कडेला मांडी घालून!

तेवढ्यात दमयंतीबाई उठल्या. त्यांनी ती गादीची खुर्ची हातांनी धरली, जोर लावून फिरवली, आणि मैदानाकडं पाठ करून बसल्या.

"मॅडम, खेळ हिकडं हाय," थोरले चुलते म्हणाले.

"दिसतोय मला."

कारभारी खुर्ची सरळ करायला धावला. त्यांनी हातानंच थांबवलं. त्या बघत होत्या ते बाद झालेल्यांच्या जागेकडं. तिथं संस्कृती गवत उपटत नव्हती, की खरचटलेलं कोपर फुंकत नव्हती. ती पुढं वाकली होती, ओठ हलत होते. "उजवी कव्हर आदी डावा पाय उचलती, तवा शिर," ती आपल्या संघातल्या चढाईला निघालेल्या पोरीला सांगत होती. ती पोरगी ऐकायची नाही, हात हलवत परत यायची. संस्कृती पुन्हा तेच, तितक्याच शांतपणे सांगायची. अखेर एकदा त्या पोरीनं ऐकलं, उजव्या कव्हरला बोट लावलं, आणि संस्कृती उठून आत गेली.

तिच्या संघाच्या दोन चढाया रिकाम्या गेल्या. तिसरीला गुण आणला नाही तर चढाई करणारीच बाद. आत उरलेल्या तिघी एकमेकींकडं बघू लागल्या. संस्कृतीनं कुणाला विचारलं नाही. ती गेली, स्नेहल पुन्हा घोट्यावर झेपावली, तिचा हात पायाला लागला, आणि या खेपेला संस्कृतीनं तिच्या डोक्यावरून उडी घेऊन मध्यरेषेपलीकडं अंग टाकलं.

शिट्ट्या झाल्या, पण आता कुणी मॅडमच्या तोंडाकडं बघितलं नाही. सगळे मैदानाकडंच बघत होते.

खेळ संपल्याबरोबर स्नेहल सटकली. काका बोलतील, हे न कळण्याइतकी ती खुळी नव्हती.

चहा ओसरीवर झाला. कारभारीनं मुलीची स्तुती जरा घाईनंच सुरू केली. मधला तेवढा डाव पुसून काढायचा होता. मी येवढी वर्सं जत्रांतनं चढाया केल्या, पन तालुक्यात अशी चढाई न्हाई, जिल्ह्यात न्हाई, दूध न पिता वाढली तरी बघा अंग कसं हाय.

"मुलगी चांगली आहे," दमयंतीबाईंनी त्याला मध्येच तोडलं. "पण पहिल्या चढाईसाठी आमच्याकडे आहे एकजण. मी शोधतेय ती तिसऱ्या चढाईसाठी. दोन रिकाम्या गेल्या, कुणालाच जायचं नाही, अशा वेळी जाणारी. तेवढ्यापुरती आत यायचं. बाकी वेळ बाकावर."

कारभारीच्या बशीतला चहा ओठाजवळ थांबला.

"म्हंजी बसवून ठिवायला नेनार?"

"बसणं जमतं का, तेच मघाशी बघत होते."

"न्या बाई," मनकर्णा दारातून म्हणाली. "तितं तरी बसंल. घरात एका जागी बूड टेकलं तर शपथ."

ओसरी हसली. कारभारीही हसला, पण त्याच्या डोळ्यांत जमाखर्च चाललेला स्पष्ट दिसत होता. बाक एका बाजूला. टीव्हीवर दिसणारी पोरगी, पाठीवर नाव, बेलापूरचा बाजार दुसऱ्या बाजूला. बाजाराचं पारडं जड होतं. तो घसा खाकरून होकार देणार, एवढ्यात संस्कृती म्हणाली,

"मॅडम, मी एक विचारू?"

बापानं डोळे वटारले. बघायला आलेल्यांना प्रश्न विचारायचे नसतात.

"विचार."

"मी बाद झाले, तर तुमच्याकडं मला परत कोण आणतं?"

दमयंतीबाईंनी कप खाली ठेवला. एवढ्या वर्षांत त्यांना पोरींनी पगार विचारला होता, राहायची सोय विचारली होती, मोबाईल वापरू देतात का तेही विचारलं होतं.

"खरं सांगू? कुणी नाही. आमची पकड कच्ची आहे. मागच्या हंगामात आमच्या चढाईवाल्या निम्मा सामना बाहेरच असायच्या."

"डाव्या कोपऱ्याला कोण?"

"जी उरेल ती."

संस्कृतीनं पाय पुढं घेतला. घोट्यावर बोटांचे लाल वळ अजून उठून दिसत होते. तिनं त्यांवरून अंगठा फिरवला.

"मग तुम्ही घर चुकला, मॅडम. एक घर अलीकडं आलात."

थोरल्या चुलत्यांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. दमयंतीबाई संस्कृतीकडं न बघता कारभारीकडं वळल्या.

"तुम्ही इतकी वर्षं जत्रांमधून खेळलात. चढाई करायचात ना?"

"व्हय."

"मग तुम्ही सांगा. जागा एक आहे. माझ्या जागी असता तर कुणाला नेलं असतं?"

लबाडी करायला हवी तेवढी सवड होती. मुलगी पोरवयाची आहे, तिच्या बोलण्याकडं लक्ष देऊ नका, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं, आणि कारभारी असल्या बाबतीत अडाणी नव्हता. त्यानं तोंड उघडलंही. पण त्याची नजर त्या घोट्यावर गेली. जत्रांमध्ये फेटा त्यालाच बांधला जायचा, पेपरात फोटो त्याचाच. आणि तो बाद होऊन बाहेर बसला की कोपऱ्याला उभा राहून, समोरचा गडी पकडून त्याला दर खेपेला आत आणायचा तो सूर्यभान. त्याचा फोटो कुणी काढला नव्हता. कारभारीनंही कधी फोटोवाल्याला सांगितलं नव्हतं.

त्यानं बशी पालथी घातली.

"कोपरा नसलेल्या संघात चढाईवाली नेऊन काय लोनचं घालनार?" तो शेवटी म्हणाला. आवाज अजून जरा नाराज होता. "माजी पोरगी तितं भाईर बसून गंजंल. पोरगी माजी हाय, म्हनून सांगतो. तिला आसलं ठिकान नगं. आदी कोपरा बघा तुमी."

"आणि पुढल्या वर्षी तो कोपरा पक्का झाला, की मग मला फोन करा," संस्कृती म्हणाली.

"जागा असेलच, असं मी सांगू शकत नाही."

"नसू दे. मी काय करायचं ते बघून घेईन."

कारभारीनं मुलीकडं पाहिलं. ती रडते की काय, हे त्याला आधी बघायचं होतं. ती पट्टी सोडत होती. नाकाचा शेंडा लाल होता, एवढंच. मग तो ताठ बसला, आणि ओसरीवरच्या मंडळींवरून एक नजर अशी फिरवली, की आत्ता काय झालं ते सगळ्यांनी नीट ऐकलं ना, याची जणू खात्री करून घेतोय.

"माझं अजून काही ठरलेलं नाही," दमयंतीबाई म्हणाल्या. "पण त्या मुलीशी बोलायचंय. तिचे वडील कुठे भेटतील?"

"रानात. आज दिवसाची लाईट हाय. उसाला पानी धरलंय त्यानं." कारभारीनं अंगातल्या कोपरीच्या खिशातून मोबाईल काढला. फोन लागला तसा तो उभा राहिला आणि, कानाला यंत्र असतानाही, थेट उसापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोलू लागला.

"सूर्यभान, मोटार बंद कर आन् ये घरी. पोरीला बघायला मॅडम आल्यात."

"मला काय सांगतोस? सकाळधरनं गाव सांगतंय," पलीकडून उत्तर आलं. मागं मोटारीची घरघर होती. "घेतली का तिला? पेढं ठिव मला, पानी झालं की येतो."

"आरं, तिचं न्हाई म्हनत."

"मंग कुनाच्या पोरीला बघायला आल्यात?"

"तुज्या."

घरघर काही वेळ तशीच चालू राहिली. मग बंद झाली.