शनिवारचं मैदान

बाईंच्या बागेचं नाव घेतलं ते मीच. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे जीभ अडखळणार नाही.

नगरपालिकेचं गवत कापायचं मशीन मी बावीस वर्षं चालवतोय. सोमवारी शाळा, मंगळवारी दवाखान्यामागचा उतार, बुधवारी कालव्याची कड, गुरुवारी वाचनालय, शुक्रवारी बसस्थानक, शनिवारी खेळाचं मैदान. यंदा गावात गाजर गवताने डोकं वर काढलं. फुलं पांढरी, नाजूक, पण हात लावला की अंगभर खाज, आणि एकेका रोपाला हजारो बिया. हे आलं कुठून, असा विषय सलूनमध्ये निघाला आणि मला गप्प बसवेना.

"त्या रिटायर झालेल्या बाईंच्या बागेतून, दुसरं कुठून? उगवेल ते वाढू देतात!"

बाईंचं घर मैदानाला लागून. किराणावाला, मेकॅनिक, मैदानावर फिरायला येणारी मंडळी, सगळ्यांना मी तेच ऐकवलं. आठवड्याभरात गावाने बाईंना दोषी ठरवून टाकलं, आणि येत्या बुधवारी त्यांची बाग साफ करायची, असा हुकूम निघाला.

मंगळवारी उद्यान विभागातल्या नव्या मॅडमनी ऑफिसात नकाशा लावला. माझ्या लेकीच्या वयाच्या. गवत दिसलं तिथे लाल टिकली.

"काका, तुम्ही रोज फिरता. काही राहिलंय का बघा."

मी बघितलं. शाळा, उतार, कालवा, वाचनालय, स्थानक. माझा आठवडाच भिंतीवर चिकटवलेला. कोरं होतं ते फक्त मैदान. बाईंच्या कुंपणाला खेटून असलेलं मैदान!

"मैदानात एकही नाही?"

"एकही नाही. मलाही नवलच वाटलं."

मला नवल वाटलं नाही, घाम फुटला. मशीन मी आठवड्यातून एकदाच धुतो, शुक्रवारी काम संपल्यावर. पात्यावरच्या झाकणाला आतून ओल्या गवताचा, चिखलाचा जाड थर बसतो, बीही त्यातच अडकतं, तो थर खरवडून काढतो. म्हणजे शनिवारी मशीन लख्ख. शाळेत मध्यंतरी बाहेरून माती आणून टाकली होती. गवत आलं असणार तिच्यातून, आणि सोमवारी तिथून निघाल्यावर पुढचे चार दिवस मी मान ताठ करून गावभर बी पेरत होतो.

"बाईंच्या बागेत कोणी पाहिलं का?" मी विचारलं.

"आत कोणी गेलेलं नाही अजून. सगळे म्हणतात, म्हणून..."

सगळे म्हणजे मी. क्षणभर वाटलं, गप्प बसावं, नकाशा काय बोलणार आहे? पण मग एकेका टिकलीवर बोट ठेवत मी सगळं ओकून टाकलं. मॅडम रागावल्या नाहीत. हुकूम रद्द केला, आणि यापुढे प्रत्येक ठिकाणचं काम झालं की मशीन तिथेच धुवायचं, असं ठरलं.

मग मी बाईंकडे निघालो. खोटं कशाला बोलू, थोडा तोऱ्यातच होतो. चूक कबूल करायला जिगर लागते, बाई चार चांगले शब्द बोलतील, असं मनात होतं.

बाई बागेत बसल्या होत्या. बाग नव्हती. नुसती उकरलेली माती, आणि भिंतीशी तोंड बांधलेली अकरा पोती. परक्या माणसांनी उपटण्यापेक्षा बाईंनी स्वतःच दोन दिवसांत सगळं उपटलं होतं. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. मला शरमेने मेल्यासारखं झालं.

उभ्या उभ्याच मी सगळं सांगितलं. मशीन, थर, नकाशा.

"मला काय सांगताय?" बाई म्हणाल्या. आवाज अगदी शांत. "माझ्या बागेत ते गवत नव्हतं, हे मला ठाऊकच होतं. ज्यांना सांगत फिरलात, त्यांना सांगा."

"सांगतो, बाई. आजच सांगतो."

मी फाटकाशी पोचलो तेव्हा त्यांनी मागून हाक मारली.

"आणि हळू आवाजात सांगू नका. तेव्हा मला इथे घरात ऐकू येत होतं."