कॉफीच्या भांड्याची कल्हई

नवसागराचा धूर एकदा नाकात गेला की माणूस तो विसरत नाही. रोझ तुस्कानोला तो लहानपणापासून माहीत होता. वसईत त्यांच्या वाडीवर वर्षातून दोनदा कल्हईवाला यायचा, तेव्हा आई सगळी पितळी भांडी अंगणात काढायची. पण शारजात, २००२ साली, जुन्या वस्तू विकणाऱ्या एसी लावलेल्या दुकानात सकाळी पावणेदहाला हा वास कुठून यावा? ती बिलबुक टाकून मागच्या पॅन्ट्रीत धावली.

गॅसवर चहाची किटली तापत होती. रोजची ॲल्युमिनियमची नव्हे, शोकेसमधली फ्रेंच चांदीची. तिच्या लाकडी मुठीला झाडूवाल्या दगडूने ओला फडका गुंडाळला होता. शेजारी ओट्यावर त्याच सेटमधलं कॉफीचं उंच भांडं पालथं घातलेलं होतं आणि दगडू कापसाचा बोळा हातात घेऊन तोंडभर हसत उभा होता.

"बघा म्याडम. आतून आरसा केलाय आरसा!"

रोझने आधी गॅस बंद केला. मग भांडं उचलून आत पाहिलं. काल आत मंद पिवळी झाक होती. आज तिथे पांढरंशुभ्र कथील चमकत होतं.

"दगडू, हे काय केलंस तू?"

"कल्हई. वरून चांदी नि आतून पितळ उघडं पडलेलं. त्यात कॉफी वतली तर कळकंल की. कोण पिईल, त्याला बाधंल. तुमाला इचारलं ना सकाळी."

विचारलं होतं. साडेआठला रोझ फोनवर ट्रॉयच्या शाळेशी भांडत होती. मुलगा पाचवीत, फी दोन महिने थकलेली आणि शाळेने त्याला परीक्षेला बसू देणार नाही म्हणून कळवलेलं. तेवढ्यात दगडू दारात येऊन काहीतरी बोलला आणि रोझने हात झटकून "हो हो, कर बाबा" म्हटलं. काय कर, ते तिला आत्ता कळत होतं.

"ते पितळ नव्हतं," ती म्हणाली. "सोनं होतं. आतून सोन्याचा मुलामा होता."

दगडूचा चेहरा पाहवेना. आठ वर्षं या दुकानात झाडू-पोछा करणारा हा माणूस त्याआधी वीस वर्षं चिपळूणच्या बाजारात कल्हई करायचा. स्टीलची भांडी आली आणि त्याच्या धंद्याचं वाटोळं झालं. पितळ आणि कथील ह्या दोन गोष्टी जगात कोणी त्याला शिकवू शकला नसता. पण चांदीच्या भांड्याला आतून सोनं लावणारी माणसं असतात, हे त्याला कोणी सांगायचं? त्याच्या गावात सोनं फक्त गळ्यात असायचं, तेही असलं तर.

मालक रफिकभाई गाडी घेऊन दुबईला गेले होते, एका म्हाताऱ्या फ्रेंच पारख्याला आणायला. एका श्रीमंत घरची बाई हा सेट घेणार होती आणि पारखी हो म्हणाला की सौदा पक्का. अकरा वाजता ते यायचे होते. रफिकभाई वर्षभर याच गिऱ्हाइकाची वाट पाहत होते.

किटली अजून वाचली होती. रोझने ती थंड होऊ दिली, पुसली, चारही भांडी होती तशी ट्रेमध्ये मांडली आणि कॉफीच्या भांड्याचं झाकण घट्ट बसवलं. पारखी वय झालेला आहे, कदाचित आत बघणार नाही. असलं काहीतरी ती मनाशी घोकत राहिली. नवरा विली जूनपासून घरी बसलेला, अल नहदाचा फ्लॅट तिच्या पगारावर चाललेला, तिचा व्हिसा रफिकभाईंच्या हातात. तिला रडू येत होतं आणि दगडूचा रागही येत होता. आपलाच हलगर्जीपणा दुसऱ्याच्या तोंडावर दिसला की राग येतोच.

अकराला पाच कमी असताना ते आले. म्हाताऱ्याने कोट काढला, डोळ्याला भिंग लावलं आणि साखरेचं भांडं उलटं करून बुडाचा शिक्का शोधला. शंकरपाळ्याच्या आकाराची एवढीशी खूण, आत दोन अक्षरं.

"ही बाई आहे," तो रोझला इंग्रजीत म्हणाला. "कारागिराची विधवा. नवरा गेल्यावर तिने स्वतःच्या नावाने शिक्का नोंदवला आणि पॅरिसमधला कारखाना चालवला. नवऱ्यापेक्षा तिचं काम सरस."

एरवी रोझने हे सारं कान देऊन ऐकलं असतं. आत्ता तिची नजर त्याच्या बोटांवर होती. साखरेचं भांडं झालं. दुधाचं झालं. किटलीचं झाकण उघडून त्याने आत बॅटरी मारली आणि समाधानाने मान हलवली. म्हणजे आत बघणारच. मग त्याने कॉफीचं भांडं उचललं. बूड पाहिलं, मूठ पाहिली, नळी पाहिली आणि ते पुन्हा ट्रेमध्ये ठेवलं. रोझने सोडलेला श्वास पुरा बाहेर पडतो न पडतो तोच त्याने झाकण उघडलं.

आत बॅटरी मारली आणि भिंग पुन्हा डोळ्याला लावलं.

"हे कोणी केलं?"

रफिकभाईंनी वाकून पाहिलं. त्यांना आधी समजलंच नाही. म्हाताऱ्याने शांतपणे समजावलं. हे सोनं पाऱ्यात विरघळवून चढवलेलं होतं, ती रीत आता बंद झाली आहे. कथील गरम असताना चांदीत शिरतं, ते काढू गेलं तर सोनंही जाईल. त्याने कोट घातला आणि बाईंना आपण नको म्हणून कळवू, असं सांगून तो टॅक्सीने निघून गेला.

दार बंद झालं आणि रफिकभाई फुटले. लखनौचा माणूस, एरवी नोकरालाही आप म्हणणारा. "दगडू! इधर आ! किसने बोला था तेरे को?"

दगडूने रोझकडे बघितलंसुद्धा नाही. "कोई नय साब. मेरेकू पितल लगा. मय अपने मन से किया."

"खलास! कल की फ्लाइट से घर जा. रोझ, टाइप करो. लिखो कि बिना किसी के कहे इसने किया. इसकी साइन लो. सेट लेने वाली सेठानी को दिखाना पड़ेगा, नहीं तो दुकान का नाम जाएगा."

आणि रोझने टाइप केलं. प्रिंट निघाली. कागद इंग्रजीत, म्हणून दगडूला तो मराठीत वाचून दाखवायचं कामही तिचंच.

"मी, दगडू," ती वाचू लागली, "कोणीही सांगितलेलं नसताना..." तिने कागद खाली ठेवला.

"बरोबर हाय. सही कुठं करू?"

"दगडू, मी हो म्हटलं होतं. मी सांगते त्यांना."

"गप बसा म्याडम. पोराची शाळा हाय तुमच्या." त्याने पेन घेतलं आणि आवाज खाली आणला. "आणि खरं सांगू? तुमी ऐकत नव्हता, ते दिसत व्हतं मला. म्हणून तर तवाच इचारलं. ऐकलं असतंत तर नको म्हणाला असतात. आठ वर्षं पोछा मारतोय. काल ते भांडं पुसताना हात राहीना. कथील, नवसागर कवाचं आणून ठेवलं व्हतं. एकदा करायची व्हती कल्हई. चूक माझीच हाय."

म्हणजे सुटका समोर चालून आली होती, तीही त्याच्याच तोंडून. तिने नुसतं हिंदीत सांगायची खोटी, की ती मोकळी.

"क्या बोल रहा है वो?" रफिकभाईंनी विचारलं. त्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं.

"बोल रहा है," रोझ म्हणाली, "कि उसने मुझसे पूछा था. सच है, रफिकभाई. मैंने हाँ बोला था."

"नय साब! म्याडम झूठ..."

"चुप!" रफिकभाईंनी टेबलावर थाप मारली. ते रोझकडे बघत राहिले, सहा वर्षांत एकदाही चूक न झालेल्या बाईकडे. मग त्यांनी दगडूच्या हातातला कागद घेऊन फाडला. "तू जा, दुकान साफ कर. रोझ, ये लेटर फिर से टाइप करो. अपने नाम से. और कल से मत आना."

दगडू जागचा हलला नाही. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. रोझने प्रिंटरमध्ये कोरा कागद घातला, खुर्ची पुढे ओढली आणि स्वतःचं नाव टाइप करायला घेतलं.